वर्षावन बघायचंय? आधी नदी शोधा

ताडोब्यात जिप्सीत बसून वाघ बघितलेला माणूस पहिल्यांदा वर्षावनात गेला की हमखास वैतागतो. पहाटेपासून चिखल तुडवायचा, घामाने भिजलेला शर्ट पिळायचा, मोज्यातून जळवा काढायच्या आणि एवढं करून दिसतं काय, तर मुंग्या, एखादा सरडा आणि झाडंच झाडं. परत येऊन तो सांगतो, तिकडे काही नाही रे, आपला कान्हा बरा.

जंगलात असतं सगळं. गडबड झालेली असते जागा निवडताना. आपण शोधतो ते सगळ्यात मोठं, सगळ्यात जुनं, सगळ्यात दाट जंगल. पाठीवर सॅक आणि हातात आठ-दहा दिवस असणाऱ्याने खरं तर एवढंच विचारावं, की तिथलं जंगल मला दिसणार कुठून?

हे नीट कळायला वर्षावन म्हणजे काय ते आधी बघू. नुसता भरपूर पाऊस पडला म्हणून वर्षावन होत नाही. आंबोलीत वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. सिंगापूरला पडतो २,००० पेक्षा थोडा जास्त. तरीही खऱ्या अर्थाने विषुववृत्तीय वर्षावन सिंगापूरचं, कारण तिथे पाऊस बाराही महिने वाटून पडतो. आंबोलीत जूनमध्ये आभाळ फाटतं आणि दिवाळीनंतर थेट वळवापर्यंत जवळजवळ कोरडं. हवामानशास्त्राची ढोबळ अट अशी, की सगळ्यात कोरड्या महिन्यातसुद्धा किमान ६० मिलिमीटर पाऊस हवा. अशा ठिकाणी झाडांना पानं गाळून तग धरायची गरज पडत नाही, ती वर्षभर वाढत राहतात. आपल्या सह्याद्रीतली सदाहरित राई सुंदरच आहे, पण तिला वर्षातले सहा महिने तहान सोसावी लागते, त्यामुळे तिची उंची आणि रचना वेगळी होते.

आता रचनेकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. मलेशिया, बोर्निओ, सुमात्राच्या सखल जंगलात वरचा थर चाळीस-पन्नास मीटरवर असतो, काही झाडं त्याच्याही वर डोकं काढतात. बोर्निओच्या डॅनम खोऱ्यातलं एक झाड २०१९ मध्ये मोजलं, ते १००.८ मीटर भरलं. ही बरीचशी झाडं आपल्या साल वृक्षाच्याच कुळातली, डिप्टेरोकार्प नावाची. त्यांच्या पानांचं छत इतकं गच्च, की वर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम एक-दोन टक्के जमिनीवर पोचतो. उजेड नाही म्हणून खाली गवत नाही, गवत नाही म्हणून हरणांचे कळप नाहीत. फुलं, फळं, कोवळी पालवी आणि ते खाणारी माकडं, धनेश, खारी, सगळा कारभार वर. पंधरा मजली इमारतीच्या तळमजल्यावर, लाइट गेलेले असताना आणि लिफ्ट बंद असताना उभं राहून वरच्या मजल्यावर कोण राहतं ते ओळखायचं, असा हा प्रकार आहे.

त्यात आणखी एक भानगड. ही डिप्टेरोकार्प झाडं दरवर्षी फळत नाहीत. कधी दोन वर्षांनी, कधी आठ-दहा वर्षांनी, बहुधा एल निनोच्या कोरड्या झटक्यानंतर, शेकडो किलोमीटर पट्ट्यातली झाडं एकदम फुलतात आणि फळतात. एवढं बी एकदम पडलं की खाणारे खाऊन थकतात आणि उरलेलं रुजतं. झाडांचा हिशेब पक्का आहे, पण मधल्या वर्षांत प्राण्यांची आबाळ होते. त्यामुळे तिथे मोठे प्राणी मुळात विरळच राहतात. भरलेल्या फळाच्या झाडाला मग सोन्याचा भाव येतो. वड-उंबराच्या कुळातलं एखादं झाड फळलं असेल तर त्याखाली दिवसभर मान वर करून बसावं. चांगला गाईड पायवाटेपेक्षा अशी झाडंच लक्षात ठेवतो.

जंगल दिसायच्या जागा थोड्याच. नदीचा काठ, कारण तिथे छताला फट पडते, उजेड आत शिरतो आणि झाडं जमिनीपर्यंत हिरवी असतात. झाडांच्या शेंड्यांतून बांधलेला झुलता पूल किंवा मनोरा. खारी माती चाटायला जनावरं येतात ती जागा आणि तिच्यासमोरचं लपण. चौथी जागा नाही, वेळ आहे: रात्र. कपाळावर टॉर्च लावून चालू लागलात की पाचोळ्यात हिरवे-निळे ठिपके चमकतात. दव असेल म्हणून वाकून बघावं तर प्रत्येक ठिपका म्हणजे एकेका कोळ्याचा डोळा. दिवसा याच वाटेवर काही नव्हतं.

हे डोक्यात ठेवून नकाशा उघडला की निवड सोपी होते. पहिलंच वर्षावन असेल तर मी डोळे झाकून बोर्निओतली किनाबातांगान नदी सांगतो. मलेशियाच्या सबाह राज्यात सांडाकान शहर आहे, तिथून दोन-अडीच तासांवर सुकाउ आणि बिलित ही नदीकाठची गावं. गावात होमस्टे मिळतात, त्यामुळे महागड्या लॉजचीच वाट धरावी असं काही नाही. दिवस बोटीवर मोजायचा: पहाटे एक फेरी, उन्हं कलल्यावर एक, जमलं तर रात्री एक. संध्याकाळची फेरी कधीही चुकवू नये. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं रात्रीच्या मुक्कामाला नदीकाठच्या झाडांवर येतात. साडेपाचच्या सुमारास नावाडी इंजिन बंद करतो, बोट काठाला लागते, आणि डोक्यावरच्या फांद्यांवर अख्खं कुटुंब बसलेलं असतं. नर पोट सुटलेला, नाक हनुवटीच्या खाली लोंबणारं, चेहऱ्यावर सरकारी कचेरीतल्या जुन्या हेडक्लार्कची नाराजी. माद्यांचं नाक आखूड आणि वर वळलेलं. एखादं पिल्लू अंदाज चुकून बारीक फांदीवर उडी मारतं आणि फांदीसकट खाली येऊन दुसरीला लटकतं. हे सगळं दुर्बिणीशिवाय दिसतं. किनाबातांगानच्या खालच्या खोऱ्यात माकडं-वानरांच्या दहा आणि धनेशाच्या आठ जाती आहेत, ओरांगउटान आणि बोर्निओचे ठेंगणे हत्तीही आहेत.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. इतके प्राणी इतक्या सहज दिसतात याचं एक कारण असं, की त्यांना मागे सरकायला जागा उरलेली नाही. नदीकाठचा जंगलाचा पट्टा काही ठिकाणी अगदी अरुंद आहे आणि त्याच्या पलीकडे पाम तेलाची लागवड, क्षितिजापर्यंत. सांडाकानहून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तासन्‌तास तेच दिसतं. भारत जगातला पाम तेलाचा सगळ्यात मोठा आयातदार आहे, तेव्हा आपल्या फरसाणाच्या पिशवीचा या रस्त्याशी संबंध आहे.

अस्पर्श जंगलच हवं असेल तर त्याच राज्यात डॅनम खोरं आहे, ४३८ चौरस किलोमीटर. तिथे मुक्कामाचे पर्याय मोजके, आधी ठरवून जावं लागतं आणि खर्च चढतो. प्राणी आहेत, पण चालत शोधायचे आणि उंचावर. पहिल्या खेपेला किनाबातांगान, नंतर हिंमत आणि पैसे उरले तर डॅनम, असा क्रम ठेवावा. आणि सबाहचं इमिग्रेशन वेगळं आहे. क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने गेलात तरी पासपोर्ट दाखवावा लागतो, शिक्का पडतो.

दुसरा पर्याय द्वीपकल्पीय मलेशियातलं तामान नगारा, ४,३४३ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. बॅकपॅकरला पोचायला हे सगळ्यात सोपं. जेरांतुत गावापर्यंत बस किंवा पूर्वेकडची रेल्वे, तिथून रस्त्याने किंवा तेंबलिंग नदीतून लाकडी होडीने क्वाला तहान. गाव नदीच्या या काठाला, उद्यान त्या काठाला, आणि मधल्या पाण्यावर तरंगती हॉटेलं, जिथे नासी गोरेंग खाता खाता समोरचं जंगल बघता येतं. शेंड्यांवरचा झुलता पूल प्रसिद्ध आहे, पण दुरुस्तीसाठी तो अधूनमधून बंद असतो, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी जाऊ नका. इथली खरी मजा म्हणजे ‘बुंबुन’, खारी माती चाटायच्या जागेसमोरची लपणं. बुंबुन कुंबांग मुख्यालयापासून चालत साधारण अकरा किलोमीटरवर आहे. स्वतःचं पाणी, खाणं, झोपायची पिशवी घेऊन जायचं, लाकडी बाकांवर झोपायचं आणि पाळीपाळीने जागं राहायचं. नशीब असेल तर मध्यरात्री टापिर येतो, पुढून काळा आणि मागून पांढरी चादर पांघरल्यासारखा. नसेल तर उंदीर तुमची बिस्किटं खातात. उंदीर मात्र नक्की येतात.

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं बुकित लावांग हे गाव बॅकपॅकर लोकांचं लाडकं. मेदान शहरापासून तीन-चार तास, बोहोरोक नदीकाठी वसलेलं, गुनुंग लेउसर राष्ट्रीय उद्यानाच्या दारात. ओरांगउटान, वाघ, हत्ती आणि गेंडा हे चौघं एकाच जंगलात असण्याचं लेउसर हे जगातलं एकमेव ठिकाण. म्हणून काही चौघे भेटायला येत नाहीत. दिसतो तो ओरांगउटान, आणि तो सहज दिसतो, कारण १९७३ मध्ये इथे पाळीव ओरांगउटानांना परत जंगलात सोडण्याचं केंद्र सुरू झालं. त्यातल्या काहींना आणि त्यांच्या पिल्लांना माणसाची सवय आहे. इथेच गाईडची परीक्षा होते. काही गाईड फळं दाखवून मादीला खाली बोलावतात, सेल्फी होतो, पर्यटक खूश. पण आपली साधी सर्दी तिला जीवघेणी ठरू शकते, आणि फळाची चटक लागलेली मादी पुढच्या गटाच्या सॅकवर झडप घालते. बुकिंग करतानाच विचारा, तुम्ही त्यांना खायला घालता का? “थोडंसं, फोटोपुरतं” असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. शांत आणि खरंखुरं रानटी जंगल हवं असेल तर त्याच उद्यानात पुढे आलास नदीवर केतांबे आहे. तिथे जायला अख्खा दिवस मोडतो, म्हणून गर्दीही कमी.

थायलंडचं खाओ सोक ज्यांना जंगलासोबत आराम हवा त्यांच्यासाठी. चुनखडीचे सरळसोट कडे, त्यांच्यामधून पसरलेलं चिओ लान जलाशय आणि पाण्यावर बांबूच्या तराफ्यांची घरं. पहाटे गिबन वानरांची हाक कड्यांवरून घुमत येते. हे जलाशय १९८० च्या दशकात धरणामुळे तयार झालं. पाणी चढत असताना बेटांवर अडकलेले प्राणी बाहेर काढायची मोहीम थाई वनाधिकारी सुएब नाकासाथिएन यांनी चालवली, पण वाचवलेल्यांपैकीही बरेच जगले नाहीत. म्हणजे इथे दृश्य अप्रतिम, प्राणी तसे कमी. इथल्या गुहांमध्ये पावसाळ्यात उतरू नये. ऑक्टोबर २००७ मध्ये नाम तालू गुहेत अचानक पाणी भरून पर्यटक आणि गाईड बुडाले होते.

जवळचं आणि स्वस्तातलं हवं तर श्रीलंकेतलं सिंहराजा. छोटं आहे, पण पक्षी बघणाऱ्यांनी पहिलं हेच करावं. इथे दहा-बारा जातींचे पक्षी एकत्र टोळी करून फिरतात. बडबडे सातभाई पाचोळा उडवत पुढे, तुरेवाला कोतवाल पहाऱ्यावर, आणि बाकीचे त्यांच्या आडोशाने. अर्धा तास चिडीचूप असलेल्या वाटेवर पाच मिनिटं नुसता कल्लोळ होतो, मग पुन्हा काही नाही. गाईड सक्तीचा आहे. जळवांचे मोजेही सक्तीचे समजा.

आणि पासपोर्टच नसेल तर? अरुणाचलमधलं नामदफा, जवळजवळ १,९८५ चौरस किलोमीटर. विषुववृत्तापासून इतक्या उत्तरेला, २७ अंशांवर, सखल प्रदेशातलं सदाहरित वर्षावन जगात दुसरीकडे नाही. दिब्रुगड किंवा तिनसुकियाहून मियाओ, पुढे देबान, तिथून नोआ-दिहिंग नदी ओलांडून तंबू आणि हमाल घेऊन आत. इनर लाइन परमिट लागतं. सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक करणाऱ्यांना हे जंगल मानवेल, पण इथे वाट सोपी नाही आणि हुलॉक गिबन नुसता ऐकूनच परत यायची तयारी ठेवावी.

ॲमेझॉनचं काय, हा प्रश्न येतोच. मुंबईहून जाऊन यायलाच तीन-चार दिवस खर्ची पडतात, म्हणून महिनाभर दक्षिण अमेरिकेत असाल तरच. तिथेही हाच नियम. पेरूत पुएर्तो माल्दोनादोवरून तांबोपाताला गेलात तर नदीकाठच्या मातीच्या कड्यावर मकाव पोपटांचे थवे माती खायला उतरतात. समुद्रापासून इतक्या दूर त्यांना सोडियम कमी पडतं, ते या मातीतून मिळतं. ब्राझीलमध्ये मनाउसच्या आसपास नदी वर्षभरात साधारण दहा मीटर चढते-उतरते आणि जूनच्या सुमाराला भरलेली असते. तेव्हा होडी थेट बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमधून जाते. म्हणजे जो वरचा मजला बघायला इतरत्र मान मोडावी लागते, तिथपर्यंत नदीच तुम्हाला उचलून नेते. बोलिव्हियातल्या रुरेनाबाकेहून दोन प्रकारच्या सहली निघतात, एक जंगलाची, एक पांपास म्हणजे दलदली गवताळ भागाची. प्राणी हवे असतील तर पांपास घ्या, जंगल हवं असेल तर जंगल. दोन्ही एकात मिळेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

या भागात जाणाऱ्या भारतीयांसाठी एक अट जिवापेक्षाही कागदाची आहे. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, देशातून परत येताना लशीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. एकदा घेतली की मात्र जन्मभर चालते.

ऋतू ठरवताना आपला जून-सप्टेंबर विसरायचा. सबाह आणि तामान नगारा इथे जोराचा पाऊस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमका आपल्या नाताळच्या सुट्टीत. आपली मे महिन्याची सुट्टी तिथे उत्तम, आणि जून-जुलैही चालतात. सिंहराजासाठी जानेवारी ते एप्रिल किंवा ऑगस्ट-सप्टेंबर. खाओ सोकला डिसेंबर ते एप्रिल, नामदफाला नोव्हेंबर ते मार्च. नाताळात रजा मिळत असेल तर मलेशिया सोडून थायलंड किंवा अरुणाचलचं बघा. कोरड्या मोसमातही दुपारी धो धो पडणारच, पण तास-दोन तासांत थांबतो.

सामानाचं लांबवत नाही. जीन्स घरी ठेवा, ती तिथे कधीच वाळत नाही. चालायचे कपडे एक जोड आणि झोपायचे कोरडे कपडे एक जोड, दुसरी जोड काही झालं तरी दिवसा घालायची नाही. सगळं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. कपाळावरची टॉर्च, जादा सेल, आणि भारतातून नेलेली साधी छत्री, जिला सगळे हसतात आणि मग मागतात. रेनकोटात माणूस आतून जास्त भिजतो.

जळवांना घाबरू नका. जमिनीवरची तपकिरी जळू चावलेली कळतच नाही, बोर्निओत पानांवर बसणारी पट्ट्यांची जळू मात्र चिमटा काढल्यासारखी कळते. बोटाच्या नखाने तोंडाकडून खरवडून काढायची आणि लांब उडवायची. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. जास्त लक्ष द्यायचं ते डासांकडे आणि पाण्याकडे. सबाहमध्ये माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा नॉलेसी मलेरिया आहे. लेप्टो तर कोकणातल्या माणसाला सांगायला नकोच. २००० साली सबाहमधल्या एका साहसी शर्यतीत सेगामा नदीत पोहलेल्या बऱ्याच स्पर्धकांना तो झाला होता. पायाला जखम असेल तर नदीत उतरायचा मोह टाळावा. निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि परत आल्यावर ताप आला तर कुठे जाऊन आलात ते त्यांना पहिल्या वाक्यात सांगा.

हे सगळं वाचून अजून वाटत असेल की आपल्याला असली जंगलं झेपतील का, तर सिंगापूरच्या चांगी विमानतळावर विमान बदलताना मधे अख्खा दिवस मिळतो का बघा. सिंगापूरमध्ये नातेवाईक असतील तर उत्तमच, हल्ली बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी तिथे असतंच. मॅकरिची जलाशयाच्या रानात २५० मीटरचा झुलता पूल आहे, झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर, फुकट. जाऊन-येऊन चार-पाच तासांची चाल होते. घाम, दमटपणा, सिकाडा किड्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज, सगळं तेच. पुलावर कुणाला तरी झाडाच्या खोडाला चिकटलेला उडता लेमूर दिसला तर घोळका जमतो. सोमवारी पूल बंद असतो, तेवढं बघून जा.